समोरून मारलेली गाठ

दोरकाकांच्या वर्गात तीन गोष्टींना सक्त मनाई होती. उघडा चाकू हातात घेऊन चालायचं नाही, दोरीवर पाय द्यायचा नाही आणि ‘मला येतं’ असं म्हणायचं नाही. पहिल्या दोन गुन्ह्यांना माफी मिळायची, तिसऱ्याला नाही. ‘मला येतं’ म्हणणाऱ्याला तीच गाठ डोळे मिटून वीस वेळा मारावी लागे, आणि विसाव्या वेळेपर्यंत त्याची घमेंड बरीचशी उतरलेली असे.

वर्ग भरायचा वसाहतीच्या पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत, दर शनिवारी दुपारी चार वाजता. भिंतींना ओल आलेली, रंगाचे पोपडे सुटलेले. वर टाकीत पाणी पडायला लागलं की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. एका भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला दोन हात लांबीचा दोरीचा तुकडा. कोपऱ्यातल्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्याला कुलूप आणि आत घडीचे चार चाकू. किल्ली दोरकाकांच्या गळ्यात. म्हातारा आंघोळ करतानाही ती काढत नाही, असं पोरं छातीठोकपणे सांगायची. बघायला कोण गेलं होतं देव जाणे.

चाकूचे धडे सहा महिन्यांनी सुरू व्हायचे, तोवर नुसत्या गाठी. पोरं कुरकुरायची, पण दोरकाका बधत नसत. “दोरी चुकली तर परत सोडता येते. बोट चुकलं तर शिवावं लागतं,” ते म्हणायचे. चाकू हातात आला की आधी तो मिटलेलाच धरून हात लांब करायचा आणि जागेवर एक गिरकी घ्यायची. हात कुणाला लागला, तर चाकू उघडायचा नाही. पातं नेहमी आपल्यापासून लांब पळालं पाहिजे. मिटताना तळहाताने दाबायचं, बोटं पात्याच्या वाटेत आणायची नाहीत. आणि कुणाला चाकू द्यायचा तर आधी मिटायचा, मग पुढे करायचा आणि विचारायचं, “धरलं?” समोरचा “धरलं” म्हणाला, की मगच सोडायचा. हा शेवटचा नियम दोरकाकांनी पोरांच्या अंगात इतका मुरवला होता, की वसाहतीतल्या आया तक्रार करायच्या. पोरगं पाण्याचा पेलाही हातातून सोडत नाही हो, आधी ‘धरलं’ म्हणायला लावतं.

गाठींमध्ये सगळ्यात मानाची कमरगाठ. कमरेभोवती दोर घेऊन मारायची. ती आवळत नाही, म्हणजे माणसाचा जीव गुदमरत नाही, आणि सुटत नाही, म्हणजे माणूस पडत नाही. दोरकाका ती गोष्टीतून शिकवायचे. दोरीला आधी एक छोटा वेढा द्यायचा, ते घराचं दार. “पाहुणा खालून दारातून आत आला. खांबाला वळसा घातला. आणि आला त्याच दाराने परत गेला.”

“चहा न पिता?” एखादं पोर हटकून विचारायचं.

“चहा प्यायला थांबला तर गाठ कोण मारणार, तुझा बाप?”

पोरं खिदळायची. हा विनोद आठ वर्षं चालला होता आणि झिजला नव्हता.

आता यातली एक गोष्ट विचित्र होती. कमरगाठ शिकवताना दोरकाका पोरासमोर कधी बसत नसत. ते पोराच्या मागे उभे राहायचे, त्याच्या खांद्यांवरून आपले दोन्ही हात पुढे आणायचे आणि पोराच्या पोटाशी गाठ मारून दाखवायचे. दिसायचे तेच हात, तोच उजवा, तोच डावा. “माझे हात म्हणजे तुझेच समज,” ते सांगायचे. पोरांना पटकन जमायचं. का जमायचं, याच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं.

पडली ती नवीन राहायला आलेली शिवणकाम करणारी बाई. तिचा मुलगा वर्गाला येऊ लागला होता. एकदा ती त्याला न्यायला लवकर आली आणि दारातून तिने पाहिलं, की एक म्हातारा आपल्या पोराला मागून कवटाळून उभा आहे. तिने तिथे काही आरडाओरडा केला नाही. सरळ वसाहतीच्या चिटणिसाकडे गेली. म्हणाली, “माझं काही म्हणणं नाही, माणूस चांगलाच असेल. पण शिकवायचं तर समोर बसून शिकवावं. मागून कशाला?” यात तिचं काय चुकलं? आपल्या पोराच्या बाबतीत दुधाने तोंड पोळायची वाट कोण बघत बसतं, ताक आधीच फुंकून प्यावं.

चिटणीस म्हणजे दोरकाकांचा पुतण्या, सख्ख्या थोरल्या भावाचा मुलगा. छत्तीस वर्षांचा, सरळ, कामाला वाघ, आणि काकांवर जीव टाकणारा. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. शाळेची फी, मोडलेला हात, लग्नाची धावपळ, सगळीकडे काकाच उभे राहिले. काकांनी स्वतः लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. लोकांचं काय जातं म्हणायला.

पुतण्या शुक्रवारी संध्याकाळी काकांच्या खोलीवर आला. चप्पलही न काढता दारातच बोलला. “काका, एका बाईची तक्रार आहे. मनाला लावून घेऊ नका. उद्या मी तिला बोलावलंय. तिच्यासमोर एकदा समोर बसून गाठ शिकवून दाखवा, आणि यापुढे तसंच शिकवा. संपला विषय.”

“आणि नाही शिकवलं तर?”

“नाही कशाला? पाच मिनिटांचं काम.” मग म्हणाला, “तसं नसेल तर वर्ग बंद ठेवावा लागेल, काका. दुसऱ्या आयाही बोलायला लागल्यात.”

पुतण्या गेला. दोरकाका कॉटवर बसून राहिले. पाच मिनिटांचं काम. ते काम करताना सव्वीस वर्षांपूर्वी एक माणूस मेला होता, हे त्या पोराला कोण सांगणार? आणि समोरून का नको, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं.

दोरकाका आणि त्यांचा दादा, दोघं भाऊ उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचे. गच्चीवरून सोडलेल्या फळीवर बसायचं, ब्रश चालवायचा आणि कमरेच्या दोरावर विसंबायचं. दादाने धाकट्याला सगळं हाताला धरून शिकवलं होतं. त्यांच्या धंद्यात एक नियम होता. आपल्या कमरेची गाठ आपण मारायची आणि जोडीदाराने झटका देऊन ती तपासायची. ज्याने मारली त्याने ओढायची नाही. आपल्या गाठीवर आपला फाजील विश्वास असतो, आपण हळूच ओढतो.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी दादाने दोर कापायला चाकू मागितला. धाकट्याने फळीवरूनच उघडा चाकू पुढे केला, पात्याकडून. दादाचा अंगठा चांगला अर्धा इंच फाटला. “अरे, देतोस का मारतोस?” दादा हसत म्हणाला आणि अंगठा तोंडात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याला हे एवढं बोचकं बांधलेलं. “तूच मार रे माझी गाठ,” दादा गच्चीवर म्हणाला, “मला दोरी कळत नाहीये हाताला.”

धाकट्याने मारली. दादासमोर उभं राहून. आयुष्यभर स्वतःच्याच कमरेला मारलेली गाठ, हातांना तीच वाट ठाऊक. समोरच्या माणसाला मारताना डावं उजवीकडे जातं, हे डोक्याला कळलं तरी हातांना कळत नाही. दार उलटं पडलं. पाहुणा आत गेला, वळसा घातला, परत आला, आणि गाठ दिसायला अगदी गाठीसारखी दिसली. पण तिच्यात काही धरलेलं नव्हतं. आता झटका कोणी द्यायचा? धाकट्याने गाठ मारलेली, म्हणजे नियमाप्रमाणे त्याने ओढायची नाही. दादाचा हात बांधलेला. दोघंही एकमेकांकडे बघून हसले आणि दादा कठड्यावरून खाली उतरला. ज्या नियमावर दोघं अठरा वर्षं जगले, त्याच नियमातून तो पडला.

फळीची एक बाजू घसरली. दोर मोकळा वर लोंबकळत राहिला, एक सुरकुतीही नाही त्याला. मुकादमाने बघितलं आणि लिहिलं, ‘कामगाराने दोर बांधला नव्हता.’ धाकट्याला विचारलं, “बरोबर ना?” धाकट्याची मान हलली. पाचावर धारण बसलेल्या माणसाची मान कशीही हलते. नंतर सांगू, आज नको, वहिनीची अवस्था बघवत नाही, उद्या सांगू, असं करत करत सव्वीस वर्षं गेली. उद्या काही आला नाही. धाकटा परत कधी फळीवर चढला नाही, रंगाच्या गोदामात डबे उचलत राहिला.

आणि वहिनी? वहिनींनी नवऱ्याचा फोटो महिन्याभरात भिंतीवरून काढून ट्रंकेत कपड्यांखाली पालथा घातला. “ज्याला पोटच्या पोराखातर एक गाठ मारता आली नाही,” त्या म्हणाल्या, “त्याचं तोंड रोज कशाला बघू?” पोराने बुटाचे बंद बांधले नाहीत, दप्तर विसरलं, दिवा मालवला नाही, की त्या ओरडायच्या, “बापावर जाऊ नकोस!” दोरकाका तिथे बसलेले असायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त बुक्क्या दादाला बसत होत्या आणि तोंड यांनी दाबलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हा वर्ग काढला. एका तरी पोराच्या हातून दार उलटं पडू नये. दुसरं काही त्यांच्याकडे उरलं नव्हतं, आणि उद्या चार वाजता तेही हातचं जायचं होतं.

शनिवारी खोलीत चौदा पोरं, ती शिवणकाम करणारी बाई, आणि हाताची घडी घालून पुतण्या. बाई बिचारी अवघडून दाराशी उभी होती. पुतण्या पोरांना म्हणाला, “आज काका नव्या पद्धतीने दाखवणार आहेत. कोण येतंय पुढे?”

“मी!” म्हणत भिंगरी उठलीसुद्धा. भिंगरी म्हणजे पुतण्याची मुलगी, नऊ वर्षांची, एका जागी दोन मिनिटं बसली तर आजारी आहे असं समजावं. ती दोरकाकांच्या समोर येऊन हात वर करून उभी राहिली.

दोरकाका गुडघे टेकून खाली बसले. हात त्यांनी पॅंटला पुसले. आपण चौसष्ट वर्षांचे आहोत, सावकाश करू, डोकं शाबूत ठेवू, असं त्यांनी मनाला बजावलं. दोरी भिंगरीच्या कमरेमागून घेतली. दार केलं. पाहुणा आत, खांबाला वळसा, परत बाहेर. गाठ झाली. वर टाकीत पाणी पडायला लागलं होतं.

“झटका!” पोरांनी गलका केला. शिवणकाम करणाऱ्या बाईचा मुलगा पुढे आला, त्याने दोरीचं टोक धरलं आणि ओढलं. दोरी भिंगरीच्या कमरेवरून अलगद निघून त्याच्या हातात गेली.

सगळी खोली हसायला लागली. दोरकाकांची गाठ सुटली! पुतण्याही हसला. “काका, वीस वेळा डोळे मिटून!” तो म्हणाला.

दोरकाकांनी परत मारली. या वेळी आणखी सावकाश, ओठ हलवत. पोराने ओढली. परत दोरी हातात आली. आता कुणी हसलं नाही, कारण दोरकाकांचा चेहरा बघवत नव्हता. ती बाई घाईघाईने म्हणाली, “राहू द्या हो, माझं काही नाही.”

भिंगरीला वाईट वाटलं. तिने त्यांच्या टकलावर हात ठेवला आणि मोठ्या माणसासारखी समजूत घातली, “असू दे काकाआजोबा. होतं असं. आमच्या आजोबांचं पण दोर बांधायचं राहूनच गेलं होतं ना.”

दोरकाकांनी मान वर केली. सव्वीस वर्षं वहिनींच्या तोंडून ऐकलं, पुतण्याच्या तोंडून ऐकलं, ते सहन झालं. आता तिसरी पिढी तेच शिकली होती, आणि वर त्यांनाच माफ करत होती.

“नाही गं,” ते म्हणाले. “तुझ्या आजोबांचं नाही राहिलं.”

“काका?” पुतण्या म्हणाला.

“त्याची गाठ मी मारली होती. अशीच. समोरून.”

पुतण्याने पोरांना बाहेर काढलं. बाईने आपल्या मुलाबरोबर भिंगरीलाही हाताला धरून नेलं. दोरकाका फरशीवरच बसून राहिले आणि तिथूनच त्यांनी सगळं सांगितलं, चाकूपासून मुकादमापर्यंत, काही न गाळता.

“दहा वर्षांचा होतो मी,” पुतण्या म्हणाला. “शाळेत पोरं मला ‘बिनगाठीचा’ म्हणायची. तुम्ही मला खांद्यावर घेऊन घरी आणलंत. तेव्हाही नाही सांगितलंत.”

“नाही.”

“का?”

“भ्यालो. आधी तुरुंगाला भ्यालो. मग तुला आणि वहिनींना.”

“इतकं केलंत आमच्यासाठी,” पुतण्या म्हणाला. “मला वाटायचं प्रेमाने करता.”

“प्रेमानेच केलं रे.”

“कसं कळायचं आता ते मला?”

पुतण्याने हात पुढे केला. “किल्ली द्या.” दोरकाकांनी गळ्यातून किल्ली काढली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि सवयीने विचारलं, “धरलं?” पुतण्या काही बोलला नाही. दोरकाकांची बोटं किल्लीवरून सुटेनात. मग पुतण्याने ती ओढून घेतली.

“आईला मी सांगणार नाही,” तो दार लावताना म्हणाला. “तुमचं तुम्ही सांगायचं. आज.”

वहिनी तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. दोरकाका गेले तेव्हा त्या खिडकीशी बसून चष्म्याच्या मोडक्या काडीला दोरा गुंडाळत होत्या. “या भाऊजी, बरे आलात. हे धरा जरा,” म्हणून त्यांनी चष्मा पुढे केला. दोरकाकांनी धरला नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. इतक्या वर्षांचं सांगायला इतका थोडा वेळ लागेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

वहिनींच्या हातातला दोरा तसाच राहिला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा. “त्यांनी मागितली होती गाठ, की तुम्ही आपणहून मारलीत?”

“त्याने मागितली. अंगठा दुखत होता.”

“म्हणजे बांधायचं मनात होतं त्यांच्या.”

“होतं, वहिनी. तो कधीच विसरला नाही. एक दिवसही नाही.”

“दाखवा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“कशी मारली होती ते.” त्या उठल्या, दारामागची कपडे वाळत घालायची दोरी काढून आणली आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. दोरकाका नको नको म्हणाले, पण वहिनी हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी त्या पासष्ट वर्षांच्या बाईच्या कमरेला समोरून गाठ मारली. वहिनींनी मान खाली घालून ती नीट बघितली. बोटाने चाचपली. मग दोरीचं टोक धरून ओढलं, आणि दोरी आवाजसुद्धा न करता त्यांच्या हातात आली.

“एवढंच?” त्या म्हणाल्या. दोरीकडे बघत होत्या. “एवढ्यासाठी मी त्यांना सव्वीस वर्षं शिव्या घातल्या. मेलेल्या माणसाला. सकाळ-संध्याकाळ.” मग दोरकाकांकडे वळून म्हणाल्या, “आणि तुम्ही समोर बसून ऐकलंत.”

“हो.”

“माझ्या हातचा चहा पीत.”

“हो, वहिनी.”

वहिनींनी पलंगाखालून ट्रंक ओढली. कपड्यांच्या तळातून फोटो निघाला. काच मधोमध तडकली होती, दादाचा एक डोळा फुटीखाली गेला होता. टांगायची जुनी दोरी कुजून गेलेली. भिंतीवर खिळा मात्र अजून तसाच होता, गेली कित्येक वर्षं त्याला कॅलेंडर लटकायचं. त्यांनी कॅलेंडर काढलं. डब्यातून सुतळी आणली आणि फोटोच्या मागच्या दोन्ही कड्यांतून ओवली. दोरकाकांचा हात आपोआप पुढे झाला.

“राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. “गाठ मी मारते.”

त्यांनी मारली. पिशवीचं तोंड बांधतात तशी, एकावर एक, वेडीवाकडी. वर्गातलं लहानातलं लहान पोरही हसलं असतं. मग त्यांनी फोटो पुढे केला. “ओढा. दुसऱ्याने ओढायची असते ना तुमच्यात? ते नेहमी हेच सांगायचे मला. मी लक्ष द्यायची नाही.”

दोरकाकांनी ओढली. आधी हलकेच, मग वहिनी बघत राहिल्या म्हणून जोर लावून. गाठ सुटली नाही.

वहिनींनी फोटो त्यांच्या हातातून घेतला, खिळ्याला टांगला, एक बाजू खाली होती ती बोटाने सरळ केली. मग खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

“आता निघा, भाऊजी,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “मला ह्यांच्याशी बोलायचंय.”

दोरकाकांनी चपला पायात घातल्या आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.